जमीन हलते तेव्हा वाद्यवृंद गप्प: ‘अर्थक्वेक’, सेन्सराउंड आणि आपत्तीपटांचं संगीत

खर्ज (धागाकर्ता)

जॉन विल्यम्सचं नाव निघालं की बहुतेकांना शार्क, अंतराळयानं आणि डायनोसॉर आठवतात. त्या सगळ्याच्या आधी हा माणूस हॉलिवूडचा हक्काचा आपत्ती-संगीतकार होता. ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ १९७२चा. ‘अर्थक्वेक’ आणि ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ दोन्ही १९७४चे, तेही जेमतेम महिन्याच्या अंतराने आलेले. जहाज उलटतं, शहर कोसळतं, इमारत पेटते, आणि तिन्हीकडे संगीत याचंच. २०१९मध्ये ला-ला लँड रेकॉर्ड्सने या तिन्हींचं संगीत चार सीडींच्या एका संचात काढलं. सध्या माझ्याकडे तोच वाजतोय. घरच्यांच्या सहनशक्तीला सलाम.

तर मुद्दा असा. संच ओळीने ऐकताना ‘अर्थक्वेक’मध्ये एक मोठं भगदाड जाणवतं. शहराची धून आहे, जरा जॅझकडे झुकणारी. प्रेमाची धून आहे. नंतर ढिगाऱ्यातून माणसं बाहेर काढतानाचं संगीत आहे. पण लोक ज्यासाठी तिकीट काढून आले होते तो भूकंप? त्याला संगीतच नाही. पडद्यावर कितीतरी मिनिटं लॉस एंजेलिस मोडून पडतं आणि विल्यम्सचा एक स्वर वाजत नाही.

कारण ती जागा दुसऱ्याला दिलेली होती. सेन्सराउंडला.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: १९७१च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर या चित्रपटाची कल्पना निघाली, आणि प्रेक्षकाला भूकंप नुसता दिसून चालणार नाही, अंगाला कळला पाहिजे, असा युनिव्हर्सलचा हट्ट होता. छतावरून फोमचे तुकडे टाकायचा विचारही झाला होता म्हणे, तो बारगळला. मग स्टुडिओच्या ध्वनिविभागातल्या वॉल्डन वॉटसन, रिचर्ड स्टम्फ आणि रॉबर्ट लेनर्ड यांनी सर्विन-व्हेगा या स्पीकर कंपनीला हाताशी धरून हवेनेच हादरे द्यायचं ठरवलं. पडद्याखाली आणि हॉलच्या मागच्या बाजूला कपाटाएवढे हॉर्न-स्पीकर, त्यांना वेगळे ॲम्प्लिफायर, आणि त्यातून साधारण ५ ते ४० हर्ट्‌झमधला गडगडाट, ११०-१२० डेसिबलच्या घरात. यातला खालचा भाग कानाला ऐकू येत नाही. तो छातीला कळतो, पोटाला कळतो, पँटच्या कापडाला कळतो.

हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात छताचं प्लास्टर प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी बांधली होती. शिकागोत अधिकाऱ्यांनी आवाज कमी करायला लावला. आणि शारीरिक किंवा मानसिक परिणामांना व्यवस्थापन जबाबदार नाही असा इशारा जाहिरातीतच. याहून चांगली जाहिरात कोणती?

ऑस्करला ध्वनीचं पारितोषिक याच चित्रपटाला मिळालं, शिवाय सेन्सराउंडच्या तंत्रासाठी वेगळा तांत्रिक पुरस्कार.

माझं म्हणणं: भूकंपात वाद्यवृंद बंद ठेवणं हा आपत्तीपटांच्या संगीतातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे, मग तो कुणीही घेतलेला असो. हल्ली ॲटमॉसच्या (डोक्यावरही स्पीकर असलेल्या ध्वनिपद्धतीच्या) हॉलमध्ये इमारत पडतेय, तुताऱ्या किंचाळतायत, कोरस ‘आऽऽ’ करतोय आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर जातंय, सगळं एकदम. शेवटी काहीच ऐकलं नाही असं वाटत बाहेर पडतो. तुम्हाला काय वाटतं?

तळमजला

आपण माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये राहता का हो? मग चार सीडी कधी संपतायत तेवढं सांगा. (हलके घ्या.)

चिकित्सक

धागा आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. जिथे काही ऐकूच जाणार नाही तिथे संगीत न लिहिणं याला शहाणपण म्हणायचं तर मीही शहाणा आहे. लोकल प्लॅटफॉर्मात शिरत असताना मी फोनवर बोलत नाही.

तिघांतलं खरं काम ‘टॉवरिंग इन्फर्नो’चं आहे. सुरुवातीचं हेलिकॉप्टर आठवा. सुमारे पाच मिनिटं सॅन फ्रान्सिस्कोकडे उडत येतं, पडद्यावर नावं येतायत, आग लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे. एवढ्या वेळात विल्यम्स त्या इमारतीबद्दलचा सगळा माज उभा करतो. तो माज ऐकला नसेल तर पुढे इमारत जळताना काही वाटणार नाही. आणि शेवटी वरच्या टाक्या उडवण्यासाठी स्फोटकं लावतात तो प्रसंग. तिथलं संगीत नऊ-दहा मिनिटं एका दमात ताणत नेलंय. तिथे सेन्सराउंड नव्हतं, कुणी खुर्ची हलवली नाही, तरी हात खुर्चीला चिकटतात. थिएटर हादरवून भीती घालणं सोपं आहे. चिरीमिरी देऊन काम करून घेण्यापैकी.

पडद्यामागे

मिक्सिंगच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

सेन्सराउंडचा गडगडाट फिल्मवर रेकॉर्ड केलेला असणार असं बऱ्याच जणांना वाटतं. ‘अर्थक्वेक’च्या ऑप्टिकल प्रिंटवर (म्हणजे जिच्या कडेला आवाज प्रकाशाने छापलेला असतो) तो नव्हताच. त्या काळच्या मोनो ऑप्टिकल ट्रॅकमध्ये इतका खालचा आणि इतका मोठा आवाज मावत नाही. ट्रॅकची रुंदी ठरलेली. त्यातच संवाद, त्यातच संगीत, त्यातच काचा फुटणं. म्हणून ट्रॅकवर फक्त खुणेचे सूर टाकले, प्रेक्षकाच्या लक्षात न येणारे. थिएटरात ठेवलेली एक पेटी ते सूर ओळखायची आणि तिथल्या तिथे नॉइज तयार करून मोठ्या हॉर्नांकडे पाठवायची. भूकंप प्रिंटच्या डब्यातून येत नव्हता, तो त्या त्या थिएटरात जागेवर तयार होत होता.

आता संगीताचा संबंध. तो गडगडाट म्हणजे शुद्ध नॉइज, त्याला पट्टी नाही. नेहमीच्या डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास लागते. म्हणजे वाद्यवृंदाची हद्द साधारण जिथे संपते तिथून सेन्सराउंडची सुरू होते. मग दोघं सुखाने एकत्र का नांदले नाहीत? कारण खालचा मोठा आवाज वरच्या हळू आवाजाला गिळतो, आम्ही याला मास्किंग म्हणतो. उलट्या दिशेने हे तितकंसं होत नाही. १२० डेसिबलच्या घरघरीवर चेलो आणि बॅसूनसारखी वाद्यं लिहिलीत तर ती फक्त कागदावर राहतात. चिकित्सक यांचा लोकलचा दाखला त्या अर्थाने बरोबर आहे.

पण संगीत काढून घेतल्याने आणखी एक गोष्ट साधते, आणि मला वाटतं खर्ज यांना तीच म्हणायची आहे. पार्श्वसंगीत चालू असलं की प्रेक्षकाला आतून ठाऊक असतं की कुणीतरी गोष्ट सांगतंय. ताल आहे म्हणजे शेवट आहे. धून चढतेय म्हणजे लवकरच उतरेल. संगीत बंद झालं की तो आधार जातो. हा प्रसंग किती वेळ चालेल याचा अंदाजच येत नाही.

खर्ज

@पडद्यामागे, अगदी हेच. मी दोन दिवस शब्द शोधत होतो.

@चिकित्सक, ‘इन्फर्नो’चं संगीत मोठं आहे यावर वादच नाही. पण आग आणि भूकंप यांची प्रकृतीच वेगळी. आग तासन्‌तास चालते, मजल्यामागून मजला चढते, तिला वाट पाहता येते. दोन-अडीच तासांच्या आगीला संगीताशिवाय आकार देता येणार नाही. भूकंपाला वाट पाहायला लावताच येत नाही.

रीळबदलू

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एकपडदा थिएटरच्या केबिनमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. आता नातू हे टाईप करून देतोय.

आमच्याकडे सेन्सराउंड कुठलं येतंय! पण मोठ्या आवाजाची हौस काय असते ते सांगतो. ७० मिमीच्या प्रिंटवर सहा चुंबकीय ट्रॅक असायचे. फिल्मच्या कडेला, भोकांच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्ट्या चिकटवलेल्या, कॅसेटच्या टेपसारख्याच मालाच्या. ऐकायला स्वच्छ, भरदार. पण प्रत्येक खेळाला त्या पट्ट्या हेडवर घासायच्या आणि भुकटी सोडायच्या. हेड स्पिरिटने पुसायचं, अधूनमधून त्याचं चुंबकत्व उतरवायचं. नाही उतरवलं तर हेडच ट्रॅकवरचा वरचा आवाज हळूहळू पुसून टाकतं. प्रिंटही भयंकर महाग. म्हणून ७० मिमी मोठ्या शहरांत आणि आमच्या वाट्याला ३५ मिमीची साधी ऑप्टिकल.

‘शोले’ तसाच. चित्रित ३५ मिमीवर, मोठा केला ७० मिमीवर लंडनमध्ये. ज्यांनी तो मुंबईच्या मिनर्व्हात सहा ट्रॅकवर ऐकला ते गावाकडे आले की आमच्याकडे दयेने बघायचे. मिनर्व्हात तो पाच वर्षं मुक्काम ठोकून होता, म्हणजे दया करणारे पुष्कळ होते.

सेन्सराउंडची ती पेटी मात्र ऑप्टिकलवर चालायची हे आज कळलं. आमच्यासारख्यांना शोभेलसं तंत्र होतं म्हणायचं.

पडद्यामागे

@रीळबदलू काका, शोभेलसं होतं पण परवडणारं नव्हतं. अमेरिकेत सेन्सराउंडच्या सामानाचं भाडंच आठवड्याला ५०० डॉलर होतं. शिवाय स्पीकर ठेवायला खुर्च्या काढाव्या लागत, म्हणजे तेवढी तिकिटं गेली. आणि दोन-तीन पडद्यांच्या थिएटरांचा जमाना नुकताच सुरू झालेला. २० हर्ट्‌झची लहर सतरा मीटर लांब असते, ती काय मधल्या भिंतीला विचारून थांबते? शेजारी ‘गॉडफादर : भाग २’ लागला असेल तर तिथल्या खोल, दबक्या आवाजातल्या मसलतीत लॉस एंजेलिसचा भूकंप घुसायचा.

‘अर्थक्वेक’नंतर ‘मिडवे’ (१९७६), ‘रोलरकोस्टर’ (१९७७) आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची थिएटर आवृत्ती, एवढ्यावर सेन्सराउंडचा संसार आटोपला. ‘मिडवे’ला पुन्हा विल्यम्स, ‘रोलरकोस्टर’ला लालो शिफ्रिन, ‘गॅलॅक्टिका’ला स्टू फिलिप्स. ‘मिडवे’ला मी फार मार्क देत नाही. लढाईत स्फोट सारखे येत राहतात आणि सारखंच हलत राहिलं की हलण्याची सवय होते.

पामट्री

लॉस एंजेलिसमधून. इथल्या दोन-तीन गोष्टी.

‘गॉडफादर’चा विषय निघालाच आहे तर: ‘अर्थक्वेक’च्या पटकथेचा पहिला मसुदा मारिओ पुझोचा. पुढे तो ‘गॉडफादर : भाग २’कडे गेला आणि जॉर्ज फॉक्सने काम पुढे नेलं. आणि त्या वर्षीचं संगीताचं ऑस्कर? विल्यम्सला नामांकन ‘टॉवरिंग इन्फर्नो’साठी होतं, पारितोषिक नेलं नीनो रोटा आणि कार्माइन कोपोला यांनी ‘गॉडफादर : भाग २’साठी. भिंतीपलीकडून दिलेल्या त्रासाचं उट्टं म्हणा हवं तर.

चित्रपटाच्या शेवटी जे धरण फुटतं ते मलहॉलंड धरण, खरंखुरं आहे, हॉलिवूडच्या टेकड्यांत. ते बांधणाऱ्या विल्यम मलहॉलंडचंच दुसरं धरण, सेंट फ्रान्सिस, १२ मार्च १९२८च्या मध्यरात्री फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर हॉलिवूडच्या धरणाला पुढून मातीचा मोठा भराव घालून वर झाडं लावली. त्यामुळे शहरातून पाहिलं तर इथे धरण आहे हे चटकन कळतही नाही. हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला शेवटचा भाग वेगळाच लागतो. तिथे पुन्हा संगीत येतं ते मला बरोबर वाटतं. धरण फुटणार का, ही वाट पाहण्याची गोष्ट आहे, खर्ज यांच्याच हिशेबाने.

चायनीज थिएटर अजून उभं आहे. २०१३मध्ये ते आयमॅक्स केलं. जाळी नाही.

कोयनाकाठची

मी सहसा वाचनमात्र असते, पण भूकंपाच्या आवाजावर चर्चा चालली आहे म्हणून लिहिते. माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७चा मोठा भूकंप मी पाहिलेला नाही, त्यानंतरची मी. पण आमच्याकडे आजही धक्के बसतात आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ती पहाट इतक्या वेळा सांगितली आहे की माझीच वाटते.

सगळे पहिल्यांदा आवाजाबद्दलच बोलतात. धरणात पाणी साठायला लागल्यापासून जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, म्हणून त्या पहाटेही आधी वाटलं नेहमीचंच आहे. मग घुंऽऽ असा आवाज वाढत आला आणि त्याच्या पाठोपाठ घर. लहान धक्क्यांना मीही हेच अनुभवलंय: आवाज आधी, हलणं मागून. कधीकधी नुसताच आवाज येतो आणि काही हलत नाही. खरं तर त्याचीच भीती जास्त वाटते, कारण आपण उगीच दाराशी जाऊन उभे राहतो.

मुंबईत नोकरीला असताना मैत्रिणींबरोबर हलणाऱ्या खुर्च्यांच्या थिएटरात एक आपत्तीपट पाहिला. बाकीच्या किंचाळत होत्या. मला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटलं. गुरगुर आधी आलीच नाही ना.

अर्धाकप

@कोयनाकाठची ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. भूशास्त्र शिकतोय, त्यामुळे राहवत नाही.

भूकंपातून आधी प्राथमिक लहरी येतात, सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने. जास्त हलवणाऱ्या दुय्यम लहरी त्यांच्या मागून, साडेतीनच्या आसपास. केंद्र दहा किलोमीटरवर असेल तर दोघींत सेकंदभराचं अंतर पडतं. प्राथमिक लहर पृष्ठभागाला आली की जमीन स्वतःच हवेला ढकलते, आणि त्यातला २० हर्ट्‌झच्या वरचा भाग आपल्याला ऐकू येतो. जास्त वारंवारता अंतरावर विरून जातात, म्हणून हा आवाज केंद्राजवळच्या, उथळ भूकंपांत जास्त. कोयनेला तेच होतं. २०१८च्या नोव्हेंबरपासून पालघर-डहाणूकडे छोट्या भूकंपांची रांग लागली तेव्हा तिथले लोकही स्फोटासारख्या आवाजांबद्दल सांगत होते.

यावरून एक वाटलं. खरा भूकंप जमिनीला आडवा-उभा हलवतो तो मुख्यतः सेकंदाला एक ते दहा वेळा वगैरे. ते काम हवेतल्या लहरींनी होणं अवघड. सेन्सराउंड म्हणून जे होतं ते भूकंपाच्या हलण्यापेक्षा भूकंपाच्या आवाजाच्या जवळचं होतं. खुर्च्या हलवणारी आजची थिएटरं याच्या उलट, हलणं देतात आणि गुरगुर विसरतात. ताईंना पाळणा का वाटला याचं उत्तर बहुतेक इथे आहे.

खर्ज

@कोयनाकाठची ताई, वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा. ‘आवाज आधी, हलणं मागून’ हे ‘अर्थक्वेक’च्या मिक्सिंगवाल्यांना कुणी सांगितलं असतं तर! चित्रपटात गडगडाट आणि हादरा बहुतेक एकदमच येतात. एक सेकंद आधी गडगडाट सोडला असता, नुसता, आणि पडद्यावर सगळे निवांत बोलत असते, तर जाळ्या अपुऱ्या पडल्या असत्या.

पंचमवेडा

सगळे हॉलिवूडमध्ये रमलात, ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) कुणाला आठवत नाही? दिल्लीहून मुंबईला निघालेली सुपर एक्सप्रेस, आग, थांबत नाही, आणि आत अर्धी चित्रपटसृष्टी. संगीत अर्थातच पंचमचं, शब्द साहिरचे.

आता गंमत बघा. हॉलिवूडवाले आपत्तीच्या आधी पार्टीत एक गाणं उरकून घेतात. ‘पोसायडन’मधलं ‘द मॉर्निंग आफ्टर’ आणि ‘इन्फर्नो’मधलं ‘वी मे नेव्हर लव्ह लाइक धिस अगेन’, दोन्ही अल काशा आणि जोएल हर्शहॉर्न या जोडीची, दोन्हींना ऑस्कर. विल्यम्स दोन्हींना नुसता नामांकित! घाम याचा, बाहुली त्यांच्याकडे. एकदा गाणं झालं की मग मरणाऱ्यांनी गायचं नाही, असा तिथला दंडक.

आपल्याकडे तसं नाही. ‘पल दो पल का साथ हमारा’ ही कव्वाली प्रवासाच्या रंगात येते ते ठीक, पण गाडी पेटल्यावर मुलं ‘तेरी है जमीं, तेरा आसमाँ’ म्हणतात. आगीच्या ऐन मध्यात प्रार्थना. अमेरिकन प्रेक्षक म्हणेल हे काय भलतंच. मला विचाराल तर जळत्या डब्यात माणसं गप्प बसतील यापेक्षा देवाचं नाव घेतील हेच खरं वाटतं. खर्ज यांच्या सिद्धांताला हा सुरुंग समजा.

चिकित्सक

पंचमवेडा, प्रार्थना चालेल. पण त्या गाडीचे पार्श्वसंगीतातले सिंथेसायझर मात्र आज ऐकवत नाहीत.

पंचमवेडा

त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. 😄

आणि पंचमला गप्प राहणं कळत नव्हतं असं समजू नका. ‘शोले’मध्ये ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग घ्या. झोपाळ्याची करकर. गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा खडकावर बूट आणि घासत जाणारा पट्टा. रीळबदलू काकांच्या साध्या ऑप्टिकलवरही ती करकर तशीच ऐकू येत असणार, त्याला सहा ट्रॅक लागत नाहीत.

रीळबदलू

येत होती. बाल्कनीतली पोरं शिट्ट्या मारायची थांबायची. केबिनच्या खिडकीतून थिएटर गप्प झालेलं कळतं, मशीनचा आवाज एकदम मोठा वाटायला लागतो.

अनुजा_व

एक वेगळं टोक मांडते. ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३). तिथे आपत्ती अवकाशात, म्हणजे आवाज वाहून न्यायला हवाच नाही. अवकाशस्थानकाच्या चिंधड्या उडतात आणि स्फोटाचा आवाज शून्य. जे ऐकू येतं ते फक्त नायिकेच्या हाताला, पोशाखाला जे लागतं त्यातून गेलेले कंप, दबलेले. मग आदळआपटीचं सगळं काम स्टीव्हन प्राइसच्या संगीताने केलं. त्यात नेहमीचे ढोलताशे टाळले आहेत, ध्वनी फुगत जातात आणि कापल्यासारखे तुटतात.

‘अर्थक्वेक’मध्ये संगीत बाजूला झालं आणि ध्वनीने राज्य केलं. ‘ग्रॅव्हिटी’त ध्वनी बाजूला झाला आणि संगीताने. दोन्हीकडे कुणीतरी एकाने जागा सोडली आहे. आणि ‘ग्रॅव्हिटी’ ॲटमॉसमध्येच होता, त्यामुळे खर्ज यांचा ॲटमॉसवरचा राग मला अन्यायाचा वाटतो.

पडद्यामागे

अनुजा, +१. ॲटमॉस २०१२मध्ये ‘ब्रेव्ह’बरोबर आलं. १२८ ट्रॅकपर्यंत आवाज, ६४ स्पीकर-वाटांपर्यंत. लोक हे आकडे ऐकून समजतात की सगळे भरायचेच असतात. बुफेत शंभर पदार्थ आहेत म्हणून ताटात शंभर कोण घेतं? (घेणारे असतात. मी त्यांच्याबरोबर काम केलंय.)

मला ॲटमॉसमध्ये सगळ्यात उपयोगी वाटतं ते हेलिकॉप्टर नव्हे. बाजूच्या स्पीकरांनाही आता पुरेसा खालचा आवाज पेलतो, कारण त्यांच्या मदतीला वेगळे सबवूफर मागे लावलेले असतात. पूर्वी बाजूने काही आलं की ते पातळ व्हायचं. आता गुरगुर एका बाजूने सुरू करून हॉलभर पसरवता येते. कोयनाकाठची ताईंचा ‘घुंऽऽ’ १९७४मध्ये शक्य नव्हता, आज आहे. फक्त त्या वेळी संगीतकाराला बाहेर चहा प्यायला पाठवायचं धाडस दिग्दर्शकात पाहिजे. मिक्सच्या टेबलावर संगीतकार, निर्माता आणि ध्वनिवाले एकत्र बसले की प्रत्येकाला आपला फेडर (आवाज वाढवायची सरकती कळ) वर हवा असतो. खरी आपत्ती तिथे.

बाकी सेन्सराउंड नाहीसं का झालं, तर १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिमी प्रिंटवर डॉल्बीने सहांपैकी दोन ट्रॅक फक्त खालच्या आवाजाला दिले. त्याला बेबी बूम म्हणत. वेगळी पेटी नको, भाड्याचे हॉर्न नकोत, आणि गडगडाट कलाकाराने रेकॉर्ड करून आकार दिलेला. तिथूनच आजच्या ५.१मधला तो पॉइंट वन, म्हणजे फक्त खालच्या आवाजाची वेगळी वाट, आला.

खर्ज

@अनुजा, ‘ग्रॅव्हिटी’चा दाखला जबरदस्त. ॲटमॉसवरचा राग अर्धा मागे घेतो, उरलेला फेडरवाल्यांवर ठेवतो.

@पंचमवेडा, सुरुंग लागला नाही. प्रार्थना तर माणसं गातायत, डब्यात बसून, आवाज बसलेल्या गळ्याने. मी बाहेरून येणाऱ्या वाद्यवृंदाबद्दल बोलत होतो. ‘पोसायडन’मध्ये जहाज उलटायच्या आधी नववर्षाच्या पार्टीतला बँड वाजत असतो, तो आपत्तीचाच भाग आहे.

पंचमवेडा

ही पळवाट आहे, पण चांगली आहे.

तळमजला

चेष्टा पुरे, आता खरा प्रश्न. धागा वाचून ‘अर्थक्वेक’ पाहायची इच्छा झाली आहे. ब्लू-रे मिळते आहे. घरी आठ इंची सबवूफर आहे. सेन्सराउंड कळेल का? आणि वरच्या मजल्यावर खर्ज यांच्यासारखे कुणी राहत असल्यास त्यांना सूड म्हणून कळेल का?

पडद्यामागे

शाउट फॅक्टरीची २०१९ची ब्लू-रे घ्या. तिच्यात ५.१ व्यतिरिक्त सेन्सराउंडचा मूळ २.१ ट्रॅकही आहे, मेनूत शोधून तोच लावा. आठ इंची सबवूफर ३५ हर्ट्‌झच्या आसपास दम टाकतो, त्यामुळे पोटात कळणारा भाग मिळणार नाही. सबवूफर भिंतींच्या कोपऱ्यात सरकवा, थोडं वाढून येईल. त्याची आवाजाची कळ मात्र फार पिळू नका. स्पीकरचा शंकू पूर्ण बाहेर येऊन थडथड वाजायला लागला तर तो भूकंप नव्हे, दुरुस्तीचा खर्च आहे.

सूडाबद्दल: खालून वर जाणारा खालचा आवाज स्लॅब आनंदाने पोहोचवतो. दुपारी बघा.

कोयनाकाठची

आणि बघताना फॅनकडे लक्ष ठेवा. पंखा डुलायला लागला तर सबवूफर बंद करून पुन्हा बघा. तरी डुलत असेल तर बाहेर पडा.